वाड्याच्या मागं, उगवतीला

बिरोबाचीवाडी, ता. आटपाडी
११ ऑगस्ट २०२४

चि. सृष्टीस बनाआत्तीचा आशीर्वाद.

पत्र बघून घाबरू नकोस, सगळी धड हायती. माझं कान तेवढं पार गेलं. फोनवर तू बोलतीस आन मी नुसतं व्हय व्हय करते. मागल्या खेपंला तू म्हणं ताप आलाय म्हणालीस आन मी म्हणलं, लय चांगलं झालं. दिग्विजय हसून हसून लोळला. तवाच ठरवलं, आता भाचीला कागदच लिवायचा. चौथीपातूर शिकले ती काय उगंच? जशी बोलते तशी लिवते, चुका काढू नकोस.

आपल्याकडं आता कालव्याचं पाणी आलं. दिग्विजयनं डाळिंब लावलंय. तो म्हणतो, आई, कोण फिरतंय आता मेंढरामागं, औंदा शेवटचा फेरा करू आन जेठात मेंढरं इकून टाकू. लेकाचं चुकीचं न्हाई. माझं मालक, तुझं मामा, ऐकून घेत्यात, हूं का चूं न्हाई.  पण मला एक टोचणी लागलीया, ती तुला सांगते.

दिग्विजयच्या आदी मला एक पोरगी झालती. रंगू. सासूचं नाव ठिवलं हुतं. आमी मेंढरं घेऊन फिरस्तीवर असताना, साताऱ्याकडच्या खंडाळ्याच्या पुढं, तापानं गेली. दात यायचं हुतं तिला. पहाटंच मामांनी तिला नेऊन मातीआड केलं आन सकाळी आमी पुढं निघालो. थांबायची सोय नसती. पुढच्या शेतकऱ्याला रानात खतासाठनं मेंढरं बसवायचा शब्द दिलेला असतो, मेंढरं उपाशी असत्यात. मला एवढंच ठावं हाय, वाड्याच्या मागं, उगवतीला, दोन बाभळींच्या मधी. मामांना दोनदा इचारलं. दोनी वेळेला उठून गेलं. मग सोडलं.

आता हा फेरा सरला की त्या वाटंला कोण जाणार? तुझा बाप म्हणतो, तू आभाळातनं सगळी जमीन बघतीस, माणूस न्हाई पण झाड दिसतं. मग माझ्या रंगूची जागा दिसल का गं? एकदा त्या जागंवर जाऊन बसायचं हाय. दुसरं काय नको.

तुझी आत्ती

*

हैदराबाद
२६ ऑगस्ट २०२४

प्रिय आत्ती,

तुझं पत्र ऑफिसात आलं आणि मी ते जिन्यात बसून वाचलं. मग तोंड धुऊन पुन्हा कामाला बसले. मला रंगूताईबद्दल कुणी कधी सांगितलं नव्हतं. अण्णांना फोन केला, तर इतकी वर्षं फौजेत काढलेला माझा बाप ‘नंतर बोलू’ म्हणून फोन ठेवून मोकळा झाला. ताई म्हणते मी तिला, चालेल ना? माझ्याहून मोठीच ना ती.

माझ्या कामाबद्दल अण्णांनी तुला जरा वाढवूनच सांगितलंय. मला खरं तर वर बघायचं होतं. डोंगरमाथ्यावर पांढरा घुमट, त्यात मोठी दुर्बीण आणि रात्रभर मी आणि तारे, असं माझं लहानपणापासूनचं चित्र होतं. नोकरी लागली ती खाली बघायची. उपग्रह आपल्यावरून जातो, जाता जाता चित्रं टिपतो आणि ती आमच्या केंद्रात उतरतात. कुठं पाणी आहे, कुठं पीक आहे, कुठं जंगल तुटलं, हे आम्ही बघायचं. सुरुवातीला मी रुसले होते. आता नाही. दुपारी सगळे जेवायला गेले की मी उगाचच कृष्णा धरून कराडपासून खाली खाली जाते. आमच्या काही चित्रांत हिरवं असतं ते तांबडं दिसतं. त्यामुळं नदीकाठचा ऊस लालभडक, आणि तुझी आटपाडी राखेच्या रंगाची. पण आत्ती, या वर्षी त्या राखेत तांबडे ठिपके दिसायला लागलेत. त्यातला एखादा दिग्विजयदादाच्या डाळिंबाचा असेल, असं मी धरून चालते. कुठलाच आवाज नसतो त्यात. इतकी शांत दिसते पृथ्वी, की हिच्यावर कुणी रडलं असेल हे खरंच वाटत नाही.

मी शोधते. जुनी चित्रं आहेत, नवी आहेत. खंडाळ्यापुढे पडके वाडे असून असून किती असणार? तू फक्त निघायची घाई करू नकोस.

तुझी सृष्टी

*

हैदराबाद
२३ सप्टेंबर २०२४

आत्ती, सापडली!

सोबतचं चित्र बघ. मी लाल पेनानं गोल केलाय. खंडाळ्याच्या पुढं, सडकेपासून जरा आत, एक जुना वाडा आहे. छप्पर गेलंय, पण चारी बाजूंच्या भिंती वरून स्पष्ट दिसतात. आणि त्याच्या मागं, बरोब्बर पूर्वेला, दोन झाडं. बाभळी आहेत की आणखी काही ते वरून कळत नाही, पण दोनच आहेत गं, शेजारी शेजारी. मी महिनाभर रोज जेवणाची सुट्टी तिथंच काढली. हे दिसलं तेव्हा मी इतक्या जोरात ओरडले की साहेब उठून आले. त्यांना काय सांगू? म्हटलं, माझी बहीण सापडली.

मामांना दाखव. ते काय म्हणतात ते कळव.

तुझी सृष्टी

*

बिरोबाचीवाडी
३ ऑक्टोबर २०२४

चि. सृष्टीस आशीर्वाद.

चित्र मिळालं. देवाम्होरं ठिवलं, भंडारा लावला आन पोटभर रडले. मग मामांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून लांब धरलं, जवळ धरलं, इचारलं, ह्यो वाडा कुणाचा? म्हणलं, सृष्टीनं हुडकून काढलाय, आपल्या रंगूचा. तर मामा हसायला लागलं. गेल्या कैक वरसांत मी त्यांना असं हसताना बघितलं न्हवतं. हसता हसता धोतराच्या सोग्यानं डोळं पुसलं.

अगं येडे! वाडा म्हंजी पाटलाचा वाडा न्हवं. वाडा म्हंजी आमचा वाडा, मेंढक्यांचा. मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या, चूल, पोरंबाळं, समदं मिळून वाडा. सांजंला शेतात बसायचा, सकाळी उठायचा. वाघर म्हंजी जाळी लावली की झालं घर. त्याला भिंतबी न्हाई आन छप्परबी न्हाई. तू साताऱ्यात वाढलीस, तुला कोण सांगणार हे? दोष तुझ्या बापाचा. पयला पगार झाला आन घोंगडंच इसरला.

पण चूक झाली ती ब्येस झाली. हसून झाल्यावर मामा आपणहून बोलाय लागलं. माझ्या कानाशी तोंड लावून, ठासून. म्हणालं, तळ वढ्याच्या काठाला हुता, जिथनं वढा कोपरासारका वळतो. वाडा वढ्याच्या मावळतीला. पोरीला ठिवली तिथनं समोर डोंगर दिसतो, निजल्याल्या बैलावानी, वशिंड डाव्या अंगाला. पयलं दोन-तीन साल ते मेंढरं सोडून हुडकायला जायचं म्हणं. बाभळी कुणीतरी तोडल्या. मग रस्ता झाला, मग ओळखच मोडली. हे मला आत्ता कळतंय. मी धरून चालले हुते, ह्यो माणूस इसरून गेला.

ह्याच्यावरनं काय हुतंय का बघ. न्हाई झालं तरी राग न्हाई. भाऊबीज झाली की आमी निघतोय. मीबी जाणार. दिग्विजय नको म्हणतो, गुडघं धरून बसशील म्हणतो. बसंन. तिथं जाऊन बसंन.

आत्ती

*

हैदराबाद
१७ ऑक्टोबर २०२४

प्रिय आत्ती,

पहिल्यांदा माझे दोन्ही कान धर. दुसऱ्याच्या पडक्या वाड्यामागं मी महिनाभर माझी बहीण शोधत होते. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, माझंच चुकलं. तुझं वाक्य त्यांना जसंच्या तसं वाचून दाखवलं, घोंगड्यासकट.

आता ऐक. निजलेला बैल मला अजिबात सापडेना. का, ते दोन दिवसांनी कळलं. वरून कुठलाच डोंगर बैलासारखा दिसत नाही! वरून सगळे डोंगर नुसते सुरकुतलेले असतात. बैल दिसायला खाली, बांधावर उभं राहावं लागतं. आमच्याकडं जमिनीच्या उंचीचीही मोजमापं असतात. त्यावरून संगणकात डोंगर उभे करता येतात आणि आपण जणू खाली उभं राहून ते बघू शकतो. मी तेच केलं. ओढा जिथं कोपरासारखा वळतो अशी प्रत्येक जागा धरली आणि तिथं उभी राहून समोर पाहिलं. एकीकडून टोपली दिसली, एकीकडून काहीच नाही. काल दुपारी एका वळणावर उभी राहिले, मान वळवली, आणि समोर तो होता. पाय पोटाशी घेऊन निजलेला, वशिंड डाव्या अंगाला.

आत्ती, मी हैदराबादेत वातानुकूलित खोलीत बसले होते आणि मला खरंच तिथला वारा लागला. मामा पहाटे ज्या जागी उभे होते, तिथून जे त्यांना दिसलं तेच मी बघत होते. मी बराच वेळ तिथून हलले नाही.

आता एखाद्या शेताचा फरक पडला तर पडेल. जुन्या चित्रात तिथं पडीक रान आहे. नव्या चित्रात जरा वेगळं दिसतंय, म्हणून आपल्या धाकट्या विश्वजीतला सांगितलंय. रविवारी साताऱ्याहून मोटरसायकलवर जाऊन बघून येतो म्हणालाय. तो बघून आला की लगेच लिहिते.

तुझी सृष्टी

*

हैदराबाद
४ नोव्हेंबर २०२४

प्रिय आत्ती,

दिवाळी कशी झाली? इकडं यंदा फटाके फार होते, धूर अजून गेला नाही. मी करंज्या करायचा घाट घातला आणि निम्म्या तेलात फुटल्या. मैत्रीण म्हणाली, चवीला चांगल्या आहेत, पण ती सगळ्यालाच चांगलं म्हणते.

विश्वजीतला काही जाता आलं नाही. त्याच्या कंपनीत सुट्टीचं जमेना. आणि मीही पुन्हा नीट बघितलं तर माझं मलाच खात्रीचं वाटेना. ओढे काय, सगळेच वळतात. नवीन चित्र जरा धुरकट आलंय, त्यामुळं नक्की काही सांगता येत नाही. तू एवढं चालू नयेस असं मला वाटतं. गुडघ्यांचा विचार कर. डाळिंबाला पहिला बहर धरलाय, तिथंही माणूस लागेलच की.

सोबत एक मोठं चित्र पाठवतेय. हे खूप खूप लांबून घेतलेलं आहे, म्हणून सगळी पृथ्वी एकदम दिसते. ती डावीकडं अरबस्तानाची वाळू, हा आपला देश, खाली समुद्र, त्यावर पांढऱ्या ढगांची वेटोळी. यात आटपाडी आहे, खंडाळा आहे, मी आहे आणि तू आहेस. रंगूताईही यातच कुठंतरी आहे, असं म्हणायला हरकत नाही ना? मला वाटतं, हे चित्र तू घरी लाव, आणि जायचं राहू दे.

तुझी सृष्टी

*

बिरोबाचीवाडी
१० नोव्हेंबर २०२४

सृष्टे,

पृथ्वी मिळाली. तव्यावरच्या भाकरीवानी गोल हाय. घोंगड्याच्या वर, खुटीला लावली. शेजारच्या लीलाबाई येऊन बघून गेल्या, म्हणाल्या, ह्यात माझं म्हायेर दाखव.

आता खरं बोल. तू सान असताना लोणच्याची बरणी फोडलीस तवा मला मांजराची केवढी मोठी गोष्ट सांगितलीस. खरं सांगतीस तवा दोन ओळीत सांगतीस. करंज्या, धूर, गुडघं, डाळिंब आन आख्खी पृथ्वी! एवढं पाल्हाळ कशाला? विश्वजीतचा दिग्विजयला फोन आलता. खंडाळ्याला जाऊन आलो म्हणाला. पुढं इचारलं तर म्हणतो सृष्टीताईलाच इचारा.

माझ्या लेकराच्या अंगावर काय हाय, ते मला कळाय पायजे. इहीर झाली? रस्ता गेला? ती गेली ते मी सोसलं. ह्ये त्याच्यापरास जड न्हाई.

आमी परवा निघतोय. लोणंदला बाजारात हंबीरराव पेंडवाले हायती, आमचं समदं टपाल त्यांच्या दुकानात येतं. तिथं पत्र टाक. मी तिथनं घेईन आन मगच पुढं पाऊल टाकीन.

आत्ती

*

हैदराबाद
१६ नोव्हेंबर २०२४

आत्ती,

दोन ओळीत सांगते.

तिथं एका कारखान्याचं आवार झालंय आणि त्या जागेवर मालाच्या गाड्या उभ्या राहतात. सगळीकडं सिमेंट आहे, ओढा नळात घातलाय, आणि भोवती उंच भिंत.

तू एवढी चालत जाशील आणि भिंतीला हात लावून परत येशील, हे माझ्याच्यानं बघवेना. म्हणून खोटं लिहिलं. जागा तीच आहे. विश्वजीतनं फाटकाशी उभं राहून फोटो काढला, त्यात पत्र्यांच्या वर तो बैल दिसतो. जागेचा नकाशा सोबत आहे. मामांना कळेल असा काढलाय.

मला माफ कर. माझ्या खोलीतून मी बटण दाबलं की जुनं चित्र येतं, पडीक रान, ओढ्याची रेघ. पुन्हा दाबलं की सिमेंट. मी तुला जुनंच देणार होते.

सृष्टी

*

खंडाळ्याच्या पुढं
८ डिसेंबर २०२४

चि. सृष्टीस आशीर्वाद, लय लय आशीर्वाद.

लोणंदला तुझं पत्र मिळालं. पेंडवाल्याच्या पायरीवरच वाचलं, मामांनाबी वाचून दाखवलं. ते नकाशा कोपरीत घालून उठलं. म्हणालं, चला.

औंदा घोडी न्हाईत. दिग्विजय सामान टेम्पोनं पुढं नेतो. न्हाईतर आमा बायांची वाट येगळी असायची. आमी घोड्यावर बिऱ्हाड लादून सडकेनं पुढं, आन गडी मेंढरं चारत शिवारातनं. दिवसभर तोंड दिसायचं न्हाई, सांजंला वाड्यावर गाठ. उभा जलम असाच गेला. ह्या फेऱ्याला पयल्यांदा मी मेंढरांसंगं चालले, मामा पार म्होरं, मधी मेंढरं, मागनं मी.

कारखान्याच्या फाटकाशी पोचलो. रखवालदार साताऱ्याचा, फौजेतनं रिटायर. काय पायजे म्हणाला. पोरगी हाय आत, असं कसं सांगू? म्हणलं, सावलीला बसतो जरा. तो म्हणाला, "बसा की मावशी, कुणाची आडकाठी हाय?" तांब्याभर पाणी आणून दिलं. आमी फाटकाजवळ बसलो. आत लांबलचक गाड्या उभ्या हुत्या. पाणी मारून धुतलेलं, लख्ख सिमेंट. वर बैल निजलेला. मामांनी बोट दाखवलं, ती तिसऱ्या गाडीखाली. मी बघितलं. मला वाटलं हुतं मी भिताडावर डोकं आपटीन. तसं काय झालं न्हाई. मी बसले, पदरातला भंडारा फाटकाच्या फटीतनं आत सोडला, मनातल्या मनात तिच्याशी बोलले. जे तुला सांगण्याजोगं न्हाई ते. रखवालदारानं बघितलं आन तोंड तिकडं केलं. एवढंच मला करायचं हुतं, ते झालं. तू लबाडी पुढं रेटली असतीस तर तुला कवाच माफ केलं नसतं.

आता तुला एक सांगते. ही गोष्ट मी तुझ्या बापालाबी कवा बोलले न्हाई. रंगू गेल्यापास्नं, खंडाळा आलं की मी चपला काढायची. जागा ठावं न्हवती ना. कुठल्याबी बांधाखाली असंल. लेकराच्या अंगावर चप्पल घालून कसं चालायचं? काटं मोडायचं, उन्हात पाय पोळायचं. बायका इचारायच्या तर म्हणायची, नवस हाय. घाट येईपातूर तशीच चालायची.

परवा फाटकापास्नं उठलो आन मी मनाशी म्हणलं, बनाबाई, आता जागा कळली. आता बाकीची जमीन मोकळी झाली. घाल चपला. पिशवीतनं काढल्या, बांधावर टेकून घातल्या. आन घालताना खाली बघितलं तर म्होरं मामांचं पाय.

अनवाणी. टाचंला भेगा पडल्याल्या, त्यात माती. वहाणा काठीच्या शेंड्याला बांधल्याल्या.

म्हणलं, हे कवापास्नं? त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. मला ऐकू येत न्हाई म्हणून सावकाश ओठ हलवलं.

"पयल्यापास्नं."

मी सडकेनं अनवाणी आन ते शिवारातनं. सांजंला वाड्यावर यायच्या आदी दोघंबी पाय पुसून वहाणा घालायचो. एकमेकाला कळू नये म्हणून.

मग मी त्यांची काठी घेतली, वहाणांची गाठ सोडली, पायाम्होरं ठिवल्या. त्यांनी घातल्या. मेंढरं चरत चरत पार पुढं गेली, आन आमी दोघं तिथंच बांधावर बसून ऱ्हायलो.

तुझी आत्ती
बनाबाई